अर्ज तिचा, अक्षर तिचं



बारावीचे निकाल लागले, की आमच्याकडच्या टपालाचा रंगच पालटतो. लोणच्याला बुरशी का आली, कुरडया लाल का पडल्या, ही पत्रं मागे पडतात आणि निराळीच पत्रं येऊ लागतात. वऱ्हाडातून तर विशेष. "मुलीला अमरावतीला शिकायला ठेवायचं आहे, पण वसतिगृहाच्या यादीत तिचं नाव नाही. प्राचार्यांना काय लिहावं?" "फीचा पहिला हप्ता कसाबसा भरला. दुसऱ्याला दिवाळीनंतर कापूस विकेपर्यंत मुदत हवी. तसं लिहिलं तर बरं दिसेल का?" आणि सगळ्यांचं शेवटचं वाक्य ठरलेलं : "अर्जाचा नमुना छापा ना!"

एक बाई तर सरळच लिहितात, "आमचे हे म्हणतात, मी लिहून देतो, पोरीनं नुसती सही करावी." आता बोला! शिकायचं पोरीला, वसतिगृहात राहायचं पोरीनं, आणि पत्र लिहायचं बापानं!

नमुना छापणं काही अवघड नाही. कचेरीबाहेर टेबल टाकून बसणाऱ्यांकडे तो तयारच असतो. "मी अत्यंत गरीब असून आपण मायबाप आहात" इथून सुरुवात आणि "मेहेरबानी व्हावी" इथे शेवट. मध्ये फक्त नाव बदलायचं. पण असे अर्ज वाचून वाचून प्राचार्यांचेही डोळे थकलेले असतात, हे आपण विसरतो. म्हणून आज नमुन्याऐवजी तुम्हाला दोन खऱ्या पत्रांची गोष्ट सांगणार आहे. दोन्ही शंभर-सव्वाशे वर्षांपेक्षा जुनी आहेत. एकाचा धागा तुमच्या अकोल्याशी जुळतो, तर दुसरं थेट अमेरिकेतल्या एका कॉलेजच्या चालकांना गेलेलं आहे.

पहिलं पत्र तुमच्यापैकी बऱ्याचजणींनी शाळेत ऐकलं असेल. गोपाळ गणेश आगरकर यांनी आपल्या आईला लिहिलेलं. आगरकर मूळचे कऱ्हाडजवळच्या टेंभूचे. जन्म 1856 सालचा. घरची परिस्थिती अगदी ओढगस्तीची. शिक्षणासाठी कऱ्हाड झालं, रत्नागिरी झाली आणि शेवटी मुलगा अकोल्याला येऊन पोचला. तिथल्या हायस्कुलातून 1875 मध्ये ते मॅट्रिक झाले. विष्णु मोरेश्वर महाजनी तिथे मुख्याध्यापक होते. या हुशार पण फाटक्या मुलाला त्यांनी हाताशी धरलं. 'वऱ्हाड समाचार' पत्रात मजकूर लिहून मुलगा चार पैसे मिळवी. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात जायची वेळ आली, तेव्हा अकोल्याच्या शिक्षकांनीच त्याला पैशाचा हात दिला. त्या काळी वऱ्हाडात कॉलेज नव्हतं. अमरावतीचं किंग एडवर्ड कॉलेज निघालं ते 1923 साली. ज्याला पुढे शिकायचं, त्याला गाव सोडण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

तर डेक्कन कॉलेजात एम. ए. करत असताना त्यांनी आईला कळवलं, की मुलगा मोठमोठ्या परीक्षा देतो आहे, आता मोठ्या पगाराची नोकरी धरील, अशी आस तू लावून बसू नकोस. पोटापुरत्या पैशावर मी समाधान मानणार आणि उरलेला सगळा वेळ लोकांच्या हितासाठी घालवणार. तसं त्यांनी करूनही दाखवलं. 1892 मध्ये ते फर्ग्युसन कॉलेजचे प्रिन्सिपॉल झाले आणि त्या पदावर असतानाच 1895 साली, वयाच्या अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी, गेले.

हे पत्र थोर आहे, यात शंकाच नाही. पण एक गोष्ट पाहिलीत का? ते सोडण्याचं पत्र आहे. पगार सोडला, सुख सोडलं आणि आईलाही आशा सोडायला सांगितली. सोडण्याची पत्रं आपल्याला आवडतात, आणि बायकांना तर सोडण्याचं शिक्षण निराळं द्यावंच लागत नाही. भावासाठी शाळा सोड, लग्नासाठी कॉलेज सोड, मुलांसाठी नोकरी सोड. न शिकवता येतं ते! येत नाही ते मागणं. माझ्यासाठी मला हे हवं आहे, असं कागदावर लिहिताना चांगल्या शिकलेल्या बाईचाही हात अडखळतो. म्हणून आगरकरांच्या पत्राशेजारी मला दुसरं पत्र ठेवायचं आहे. ते मागण्याचं आहे, आणि अठरा वर्षांच्या मराठी मुलीने लिहिलेलं आहे.

ही मुलगी म्हणजे आनंदीबाई जोशी. नाव तुम्हाला ठाऊक आहे. पहिली मराठी स्त्री डॉक्टर म्हणून तिचा फोटोही पाहिला असेल. पण तिची पत्रं कशी होती, त्याकडे आपण फारसं पाहत नाही.

माहेरची ही यमुना, कल्याणची. जन्म 31 मार्च 1865 चा. नवव्या वर्षी लग्न झालं. नवरा गोपाळराव पोस्टात नोकरीला आणि वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठा. बायकोला शिकवायचं, हा त्याचा ध्यासच. ध्यास म्हणजे कसला? अभ्यास केला नाही तर मारझोड करण्यापर्यंत मजल जाणारा. हेही सांगायला हवं, नाहीतर गोष्ट फारच गोड होते. चौदाव्या वर्षाच्या आतबाहेर तिला मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. बाळंतिणीला तपासायला बाई डॉक्टर नाही, आणि पुरुष डॉक्टरपुढे जायचं तर लाज आडवी येते. त्या दुःखातून डॉक्टर होण्याची इच्छा धरली, ती तिची स्वतःची.

आता पत्रांकडे येऊ. पहिलं पत्र तिने लिहिलंच नव्हतं, ते गोपाळरावांनी लिहिलं. 1878 साली, कोल्हापुरात असताना. आपल्या बायकोला अमेरिकेत शिकवायचं आहे आणि आपल्यालाही तिथे एखादी नोकरी मिळाली तर बरं, असं त्यांनी अमेरिकन मिशनऱ्यांना कळवलं. उत्तराचा अर्थ एवढाच होता, की आधी ख्रिस्ती व्हा. धर्म बदलायचा नाही, यावर नवराबायको दोघंही ठाम. झालं, गोष्ट तिथेच थांबली.

पण कागदाचंही नशीब असतं बरं का! तो पत्रव्यवहार अमेरिकेतल्या एका मिशनरी मासिकात छापला गेला. 1880 मध्ये न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडोसिया कार्पेंटर नावाच्या बाई दात दाखवायला गेल्या असताना, नंबर येईपर्यंत चाळायला म्हणून त्यांनी तो अंक हाती घेतला. शिकायला धडपडणाऱ्या या परक्या मुलीबद्दल त्यांचं मन कळवळलं आणि त्यांनी पत्र पाठवलं. त्या पत्राला उत्तर मात्र आनंदीबाईंनी स्वतः लिहिलं.

इथून सगळं बदललं. पुढची तीन वर्षं दोघींची पत्रं समुद्र ओलांडून जात-येत राहिली. सणवार, चालीरीती, बालविवाह, बायकांची दुखणी, सगळं त्यांत येई. नवऱ्याच्या पत्राने जे जमलं नाही ते बायकोच्या पत्रांनी जमलं. मुक्कामाला घर मिळालं, आणि मैत्रीणही मिळाली. का जमलं? नवऱ्याच्या पत्रात ती कुणाची तरी बायको होती. स्वतःच्या पत्रात ती ती होती. कार्पेंटरबाईंना एका माणसाची ओळख झाली, आणि माणूस ओळखीचा झाला म्हणजे मदतीचा हात आपोआप पुढे येतो.

निघण्यापूर्वी, 24 फेब्रुवारी 1883 ला, श्रीरामपूरच्या कॉलेजात त्या इंग्रजीतून बोलल्या. (हे नगर जिल्ह्यातलं नव्हे हं, कलकत्त्याजवळचं.) मी अमेरिकेला का जाते, इथे का शिकत नाही, जातीने वाळीत टाकलं तर काय, या सगळ्या प्रश्नांना त्यांनी एकेक करून उत्तर दिलं. हिंदू म्हणून जाते आणि हिंदू म्हणूनच परत येईन, हेही बजावलं. 7 एप्रिलला कलकत्त्याहून बोटीत बसल्या. नवरा बरोबर नव्हता. 4 जूनला त्या न्यूयॉर्कला उतरल्या आणि कार्पेंटरबाईंच्या घरी गेल्या.

आणि आता ते पत्र. फिलाडेल्फियात बायकांना डॉक्टरकी शिकवणारं कॉलेज 1850 पासून होतं, वूमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया. त्याच्या प्रमुख, ज्यांना तिकडे डीन म्हणतात, त्या रेचल बॉडली. कॉलेजचा कारभार पाहणाऱ्यांमध्ये अल्फ्रेड जोन्स नावाचे गृहस्थ होते. 28 जून 1883 रोजी आनंदीबाईंनी प्रवेशासाठी त्यांना अर्ज केला. अमेरिकेत पाऊल ठेवून महिनाही झाला नव्हता.

त्या अर्जात काय आहे, ते नीट बघा. मी अमुक कामासाठी आले आहे, असं त्या सांगतात. माझ्या देशातल्या बायका दुखणी अंगावर काढतात, पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांना औषधपाणी देण्यासाठी मला शिकायचं आहे. माझी प्रकृती चांगली आहे, असं लिहितात. आप्त आणि जात या सगळ्यांचा विरोध मोडून ज्या निश्चयाने मी इथवर आले, तोच निश्चय मला शेवटपर्यंत नेईल, असा भरवसा देतात. आणि मग जे सांगायला आपण घाबरतो, तेही सांगतात. प्रवेशाच्या तुमच्या सगळ्या अटी कदाचित मी पुऱ्या करू शकणार नाही, पण माझी गोष्ट निराळी आहे, तेव्हा सवलतीने विचार व्हावा.

पाहिलंत? काय हवं ते सांगितलं, कशासाठी हवं ते सांगितलं, जवळ काय आहे ते सांगितलं आणि काय कमी आहे तेही लपवलं नाही. मेलेल्या बाळाचा दाखला देऊन डोळ्यांत पाणी आणायचा प्रयत्न नाही. विनंती आहे, पण लोटांगण नाही. त्याच वर्षी त्यांना प्रवेश मिळाला.

बॉडलीबाईंनी या विद्यार्थिनीवर नुसती माया केली नाही, तर तिच्या कामाची किंमत ओळखली. 11 मार्च 1886 ला आनंदीबाईंना पदवी मिळाली, तेव्हा पंडिता रमाबाई इंग्लंडहून त्या समारंभाला आल्या होत्या. पुढे 1887 मध्ये रमाबाईंनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजी पुस्तक लिहिलं, त्याला प्रस्तावनाही बॉडलीबाईंचीच. एका मुलीचा अर्ज एका खुर्चीपर्यंत पोचला की त्या दारातून आणखी किती जणी आत जातात, ते पाहा! गुरुबाई करमरकर याच कॉलेजातून 1892 मध्ये डॉक्टर झाल्या आणि मुंबईत येऊन त्यांनी बायकामुलांवर उपचार केले.

कुणी म्हणेल, "पण आनंदीबाई तर गेल्याच ना? कायले लागलं मंग एवढं शिकनं?" खरं आहे. थंडी, परकं अन्न, अभ्यासाचा ताण, वर क्षय. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक झाली होती, पण त्या तिथे पोचल्याच नाहीत. 26 फेब्रुवारी 1887 ला पुण्यात त्यांनी डोळे मिटले, तेव्हा बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंनी अमेरिकेत आपल्या घराण्याच्या दफनभूमीत ठेवल्या. पत्रातून जुळलेलं नातं शेवटपर्यंत टिकलं.

मात्र त्यांनी अर्जात जे दुखणं मांडलं, ते त्यांच्या एकटीचं नव्हतं. बाईला तपासायला बाई हवी, ही गरज गावोगावची होती. 1885 साली व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरीन यांनी याच गरजेसाठी फंड उभारला. अमरावतीच्या मैत्रिणींनो, तुमच्या जिल्हा स्त्री रुग्णालयाला अजून सगळे "डफरीन"च म्हणतात, नाही का? आणि अकोल्याला "लेडी हार्डिंग". "सुनेले डफरीनमध्ये नेलं" असं म्हणताना आपण त्या जुन्या गरजेचंच नाव घेत असतो. आज तिथे लेकीसुनांना तपासायला डॉक्टरबाई असतात. त्यातल्या प्रत्येकीने कधी ना कधी एक प्रवेश अर्ज भरलेला आहे, हे विसरू नका.

आता तुमच्या प्रश्नाकडे वळते. अर्ज कसा लिहायचा?

पहिली गोष्ट म्हणजे अर्ज मुलीने लिहावा. बाबांनी सोबत जावं, आईने शुद्धलेखन पाहावं, पण शब्द तिचे आणि अक्षर तिचं. अक्षर वाईट असेना का! हल्ली प्रवेशाचे बरेचसे अर्ज संगणकावरच भरतात, तिथे आपल्या मनाचं काही लिहायला जागा नसते. पण वसतिगृहाची जागा, फीला मुदत, आजारपणात बुडालेली परीक्षा, अशा अडचणी अजूनही साध्या कागदावरच मांडाव्या लागतात. म्हणून तो कागद नीट हवा.

एका अर्जात एकच मागणं ठेवावं. वसतिगृहही हवं, फीही माफ हवी आणि विषयही बदलून हवा, असं एकाच कागदावर कोंबलं की वाचणारा गोंधळतो आणि कागद बाजूला पडतो. वर तारीख, पूर्ण नाव, वर्ग आणि हजेरी क्रमांक किंवा प्रवेश क्रमांक. विषयाची एक ओळ. मग पहिल्या दोन ओळींतच काय हवं ते यावं. त्यानंतर कशासाठी हवं ते. "मी गरीब आहे" एवढं म्हणू नका. "वडिलांची दोन एकर कोरडवाहू शेती आहे, फीचे पुढचे पैसे कापूस विकल्यावर, नोव्हेंबरअखेर भरीन" असं लिहा. आकडा आणि तारीख दिली की विश्वास बसतो, आणि लिहिणारीची मानही ताठ राहते. गुण कमी असतील, कागद अपुरा असेल, तर तसं स्पष्ट लिहा आणि तो कधीपर्यंत आणून देणार तेही लिहा.

उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका यांच्या झेरॉक्स जोडा, मूळ कागद कुणाच्या हाती देऊ नका. अर्जाच्या दोन प्रती करा. एक कार्यालयात द्या आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. ही पोच गव्हाच्या कोठीत नव्हे, मुलीच्या फाइलमध्ये ठेवा! आठ दिवसांत उत्तर आलं नाही, तर त्या पोचेचा हवाला देऊन दुसरं पत्र लिहा. दुसरं पत्र लिहिणं म्हणजे भांडण नव्हे.

आणखी एक. मागताना आपला हक्क कुठला आणि सवलत कुठली, हे आधी विचारून घ्या. महाराष्ट्र शासनाने 2024-25 या वर्षापासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना, नियमात बसणाऱ्या व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली. त्याआधी ती निम्मी माफ होती. अशी फी कुणी मागितली, तर तिथे मेहेरबानीची भाषा कशाला? "शासन निर्णयाप्रमाणे मला ही सवलत लागू आहे" एवढं शांतपणे लिहावं. वसतिगृहाचा किंवा खानावळीचा खर्च मात्र त्यात धरलेला नाही, हे ध्यानात ठेवा आणि त्यासाठी वेगळं विचारा.

आता त्या बाईंना उत्तर, ज्यांचे "हे" अर्ज लिहून देणार आहेत. बाई, तुमच्या यजमानांची माया खोटी नाही. त्यांना म्हणावं, तुम्ही तिच्याजवळ बसा, ती अडली तर शब्द सांगा, पण पेन तिच्या हाती राहू द्या. हा अर्ज मंजूर होईल किंवा होणार नाही. प्राचार्यांच्या हाती किती जागा आहेत, ते काही आपल्या हाती नाही. पण मला हे हवं आहे आणि ते यासाठी हवं आहे, असं एकदा तिने स्वतः कागदावर मांडलं, की पुढे नोकरीचा अर्ज, बँकेतलं कर्ज, सात-बारावर आपलं नाव, यांपैकी कशालाही ती घाबरणार नाही. लग्नाच्या बोलणीतसुद्धा तिला तिचं म्हणणं सांगता येईल.

आगरकर ज्या अकोल्यात शिकले, त्या अकोल्याच्या मुलींनी त्यांचं पत्र जरूर वाचावं. मुलामुलींना सारखंच आणि एकत्र शिक्षण द्या, असं बजावून सांगणारा तो माणूस होता. आपल्या गावची मुलगी प्राचार्यांना स्वतः पत्र लिहिते आहे, हे पाहून त्याला आनंदच झाला असता.

तेव्हा आज रात्री जेवणं आटोपली, की ओटा पुसून मुलीला कागद द्या. पहिला खर्डा बिघडेल. बिघडू द्या. दुसरा चांगला होईल. आणि झालेला अर्ज आम्हालाही जरूर कळवा, नाव न छापण्याच्या अटीवर!